आवाजाची सीडी

नाईकनवरे साहेबांनी सीडी खिडकीच्या उजेडात धरली आणि दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली.

"यात नक्की काय आहे?"

"लिनक्स आहे, सर," मी म्हटलं. "अख्खी सिस्टीम या सीडीवरूनच चालते. तुमच्या हार्डडिस्कला हातसुद्धा लागत नाही. सीडी काढली की मशीन पहिल्यासारखं."

"म्हणजे बसवायचं काही नाही?"

"काही नाही."

"परीक्षेच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय," ते माझ्याकडे नाही, अंबिकाताईंकडे बघून म्हणाले. "उमेदवाराने स्वतःची सोय आणावी. कार्यालयाच्या संगणकावर काहीही बसवता येणार नाही."

"पत्र मला पाठ आहे, साहेब," अंबिकाताई म्हणाल्या. "म्हणूनच ही सीडी."

साहेबांनी सीडी माझ्या हातात दिली आणि समोरचा कागद वाचून दाखवला. मदतनीसाने सीडी घालून मशीन सुरू करायचं. पडद्यावर तयारी दिसली की बाजूला व्हायचं आणि दाराजवळ उभं राहायचं. वेळ तिथून मोजायची. त्यानंतर मदतनीसाने यंत्राला हात लावायचा नाही, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत.

"बोललात तर मला यांचा पेपर रद्द करावा लागेल," ते म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांना स्वतःलाच ते नको असावं, असा आवाज होता.

ही जानेवारी २००७ची गोष्ट. मी तेव्हा सोलापुरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट होतो, चोवीस वर्षांचा. अंबिका येमूल माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. सतराव्या वर्षी तापात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर त्या टाइपरायटरवर टायपिंग शिकल्या, मिनिटाला पंचेचाळीस शब्दांपर्यंत पोचल्या, मग पुण्याला जाऊन सहा महिने कॉम्प्युटर शिकून आल्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असला की त्यांना कुठलंच मशीन अडत नसे. पण तो आवाज आधी त्या मशीनमध्ये असावा लागतो, आणि सोलापुरातल्या कुठल्याच ऑफिसात तेव्हा तो नव्हता.

परीक्षा एका निमसरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या जागेसाठी होती. राखीव जागा एकच. उमेदवार तीन, त्यातल्या दोघांना थोडंफार दिसत होतं. वयाच्या अटीमुळे अंबिकाताईंना पुढच्या वर्षी ती परीक्षा देता येणार नव्हती. त्यांचा भाऊ चादरीच्या कारखान्यातलं काम सोडून बायकापोरांसह भिवंडीला निघाला होता. नोकरी लागली तर ताई सोलापुरात त्यांच्या आईबरोबर राहणार होत्या. नाही लागली तर आई आणि त्या दोघींनाही भावामागे भिवंडीच्या एका खोलीत जायचं होतं, सात माणसांत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि तेही मी विचारल्यावर.

त्या आमच्याकडे आल्या त्या त्यांच्या टायपिंगच्या सरांची चिठ्ठी घेऊन. मी तेव्हा हौस म्हणून लिनक्सच्या अशा लाइव्ह सीडींशी खेळत असे. त्यातल्या एका लहानशा सीडीची रचना मला फार आवडायची. तिच्यात एकेक काम करणारं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या गाठोड्यात बांधलेलं असे. त्याला मॉड्यूल म्हणत. हवं ते मॉड्यूल आपण बनवायचं, सीडीच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, नवी सीडी लिहायची, की मशीन सुरू होताना ते आपोआप उघडत असे. मी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचं मॉड्यूल बांधलं. पडद्यावरचं वाचणाऱ्याचं बांधलं. खिडक्या आणि चित्रं सगळी काढून टाकली, त्यांचा ताईंना काय उपयोग. उरला तो काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. सुरू झालं की मशीन पत्र्यासारख्या आवाजात "रेडी" म्हणायचं आणि ताई हसायच्या.

"हिला सर्दी झालीय," पहिल्यांदा ऐकून त्या म्हणाल्या होत्या.

तीन आठवडे रोज चारनंतर त्या लॅबमध्ये यायच्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी एक नवीनच काढलं.

"साउंड कार्ड सगळ्या मशीनमध्ये एकच असतं का रे, विरुपाक्ष?"

"नाही. आपल्या लॅबमधली जुनी आहेत. नव्या मशीनना वेगळं असतं."

"मग परीक्षेला नवं मशीन निघालं तर?"

मी नव्या कार्डासाठीचंही मॉड्यूल बांधलं. पण ते मुख्य फोल्डरमध्ये ठेवलं की लॅबमधलं जुनं मशीन सुरू होताना अडकून बसे. म्हणून मी ते 'ऑप्शनल' नावाच्या बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवलं. तिथली मॉड्यूल्स आपोआप उघडत नाहीत. ती लागली तर हाताने तीन ओळी टाइप करायच्या. पहिल्या ओळीने गाठोडं उघडतं, दुसरीने कार्ड जागं होतं, तिसरीने आवाज सुरू होतो.

"त्या ओळी मला सांग," त्या म्हणाल्या.

"लागणार नाहीत, ताई. आणि लागल्याच तर मी आहे."

"तू आत असशील का?"

मी ओळी सांगितल्या. त्यांनी त्या ब्रेलमध्ये टोचून घेतल्या आणि घरी जाऊन टाइपरायटरवर बडवत बसल्या. त्यांच्या आईने नंतर सांगितलं, दोन दिवस घरात तेवढाच आवाज होता.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी त्यांनी विचारलं, नव्या मशीनवर सीडी लावून पाहिलीस का. आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये एकच नवं मशीन होतं. मी सीडी घेऊन गेलो, परत आलो आणि म्हटलं, चालली.

आता सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्या ऑफिसातल्या मशीनसमोर वाकलो होतो. मशीन नवं होतं. इतकं नवं की पडद्यावरचं पातळ प्लॅस्टिकही कुणी काढलं नव्हतं. मी सीडी घातली. काळ्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. दीड मिनिटाने शेवटची ओळ आली, तिच्या पुढे कर्सर लुकलुकायला लागला. ताईंनी हेडफोन कानावर चढवला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. "रेडी" ऐकलं की त्यांची डावी भुवई किंचित वर जायची. ती गेली नाही.

"झालं?" नाईकनवरे साहेबांनी विचारलं.

पडदा तर तयार दिसत होता. मी "एक मिनिट" म्हणणार, तोच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वहीत वेळ टिपली आणि पेन ड्राइव्ह लावला. "अकरा वाजून सात मिनिटं. तीस मिनिटं आहेत. फाइलमध्ये इंग्रजी पत्र आहे, त्यात पंधरा चुका आहेत. शोधायच्या, दुरुस्त करायच्या, सेव्ह करायचं. बारा बरोबर लागतील. तुम्ही दाराकडे व्हा."

मी दाराकडे झालो. दार आणि ते टेबल यांत चार-पाच पावलांचं अंतर. पडदा मला तिरका पण स्वच्छ दिसत होता.

अंबिकाताईंनी एक बटण दाबलं. थांबल्या. आणखी एक दाबलं. मग हेडफोनची वायर हाताने चाचपत मागच्या भोकापर्यंत गेल्या, ती नीट बसलीय हे पाहिलं आणि सरळ बसल्या.

"साहेब, आवाज येत नाही."

"मशीन तर सुरू आहे."

"मशीन सुरू आहे, पण मला ते ऐकू येत नाही. मदतनीसाला एकदा बघू द्याल?"

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. मनात नाही, ओठ हलवत वाचला. मग म्हणाले, "वेळ सुरू झाल्यावर नाही. माझा नाइलाज आहे, बाई."

"मी स्वतः काही केलं तर चालेल?"

"तुमच्या वेळेत तुम्ही काहीही करू शकता."

त्या खोलीत आणखी एक क्लार्क बाई बसल्या होत्या, कागद लावत होत्या. त्यांचे हात थांबले. घड्याळात अकरा दहा झाले होते.

मला घाम फुटला होता. जानेवारीतली सकाळ आणि शर्ट पाठीला चिकटलेला. कारण बाजूच्या फोल्डरमधलं ते मॉड्यूल मी नव्या मशीनवर एकदाही चालवून पाहिलेलं नव्हतं. ते उघडेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. जुन्या मशीनसारखं हेही मशीन अडकून बसेल का, हेही माहीत नव्हतं. अडकलं तर पुन्हा सुरू करावं लागणार, आणि सुरू करायला मला हात लावता येणार नव्हता.

ताईंनी बोटं कीबोर्डवर ठेवली. एफ आणि जे या अक्षरांवरचे उंचवटे शोधले. आणि टाइप करायला लागल्या.

काही ऐकू येत नसताना, काही दिसत नसताना त्या टाइप करत होत्या. अक्षरं पडद्यावर उमटताना मला दिसत होती, त्यांना नाही. पहिली ओळ लांब होती, तीत फोल्डरांची नावं होती. चाळीसेक अक्षरांनंतर त्यांनी एन्टर दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं. अशी फाइल नाही.

एका शब्दातला एक आय राहिला होता. नवा कीबोर्ड, कडक बटणं. बोट पडलं होतं, बटण खाली गेलं नव्हतं.

त्या दुसरी ओळ टाइप करत होत्या. ती अर्थातच चुकली. मग तिसरी. तीही चुकली. पडद्यावर एकाखाली एक चुकीच्या तीन ओळी उभ्या होत्या आणि ताई मान किंचित वाकडी करून वाट पाहत होत्या. पाच सेकंद. दहा.

मी तोंड उघडलं.

नाईकनवरे साहेब माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, अगदी हलकी, नाही अशी. मी तोंड मिटलं. एकच अक्षर सांगायचं होतं मला. आय. श्वासाएवढं ते अक्षर. खोकल्यात लपवता आलं असतं. पण मी खोकलो असतो तर त्या दचकल्या असत्या, आणि कुणाला ते खूण वाटलं असतं, तर सगळं तिथेच संपलं असतं. मी हात मागे बांधले आणि नखं तळव्यात रुतवली.

अकरा चौदा.

अंबिकाताईंनी हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. मला वाटलं, सोडून दिलं त्यांनी. क्लार्क बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

मग ताईंनी उजव्या हाताच्या तर्जनीने एक बटण दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दुसरं दाबलं. त्या अक्षरं टाइप करत नव्हत्या, बटणं किती खोल जातात ते पाहत होत्या. एकेक करून आठ-दहा बटणं तशी पाहून झाल्यावर त्यांनी पडलेली अक्षरं मागे जाऊन पुसली, मोजून. आणि पहिल्या ओळीला पुन्हा हात घातला.

या वेळी सावकाश. एकेक अक्षर ठोकत. टाइपरायटरवर शिकलेली बोटं होती ती, पण आता नवशिक्यासारखी चालत होती. ओळ पुरी झाली. मी ती तीनदा वाचली. बरोबर होती.

एन्टर.

काही चूक दाखवली नाही. सीडीचा दिवा लागला आणि ड्राइव्ह गुरगुरला. तो आवाज त्यांनाही आला असणार, कारण त्यांनी दुसरी ओळ लगेच सुरू केली नाही, ड्राइव्ह शांत होईपर्यंत थांबल्या. मग दुसरी ओळ. एन्टर.

कर्सर लुकलुकायचा थांबला.

जुन्या मशीनवर हेच व्हायचं. असाच कर्सर थिजायचा आणि मग मशीन बंद करण्यावाचून गत्यंतर नसायचं. मी मनात आकडे मोजले. अकरापर्यंत मोजल्याचं आठवतं. त्यानंतर मी काय केलं ते आठवत नाही, कदाचित डोळे मिटले असतील. कारण पुढचं जे आठवतं ते म्हणजे टायपिंगचा आवाज. मी पाहिलं तर कर्सर पुन्हा चालत होता आणि त्या तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आल्या होत्या.

एन्टर.

खोलीत काहीच ऐकू आलं नाही. यायचं कारणही नव्हतं, हेडफोन त्यांच्या कानावर होता. त्यांची डावी भुवई वर गेली. दोन्ही तळवे त्यांनी टेबलाच्या कडेवर क्षणभर टेकवले आणि मग फाइल उघडली.

अकरा एकोणीस. अठरा मिनिटं उरली होती.

त्या अठरा मिनिटांत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. त्या ओळी ऐकत होत्या, थांबत होत्या, दुरुस्त करत होत्या. अकरा सदतीसला नाईकनवरे साहेब "वेळ संपली" म्हणाले तेव्हा ताईंनी सेव्ह करून हात काढलेले होते. साहेबांनी पेन ड्राइव्ह काढून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, त्यावर सही केली. मग अंबिकाताईंसाठी त्यांनी स्वतः खुर्ची मागे ओढली.

बाहेर आवारात निंबाखाली एक बाक होता. ताई बसल्या. मी उभाच राहिलो.

"तेरा दुरुस्त केल्या," त्या म्हणाल्या. "एक कळली पण वेळ गेली. पंधरावी सापडलीच नाही. पहिल्यांदा काय चुकलं होतं?"

"आय पडला नव्हता. ऑप्शनलमधला."

"हां. ते बटण कडक आहे. शनिवारी त्या केबिनमधल्या मशीनवर लावलीस तेव्हा आवाज आपोआप आला होता की तिन्ही ओळी घालाव्या लागल्या?"

तेव्हा मला सहज म्हणता आलं असतं, ओळी घातल्या होत्या. झालं असतं. पण ती सकाळ अंगातून अजून गेली नव्हती.

"मी लावलीच नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं.

"केबिनला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला गेलेला. अर्ध्या तासात आला असता. पण मंगळवेढ्याकडे मित्राच्या शेतावर हुरड्याला जायचं होतं, पोरं गाड्या घेऊन गेटवर थांबली होती. मी कॉरिडॉरमध्ये गेलो, कुलपासमोर उभा राहिलो. पाच मिनिटं थांबलो आणि परत आलो."

"पाच मिनिटं कशाला थांबलास?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. लगेच परत आलो असतो तर त्यांना कळलं असतं.

"दाराचा आवाज आला नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं," त्या म्हणाल्या. "ते दार करकरतं. मी म्हटलं, उघडं असेल. मनाशी समजूत घालावी लागते बघ. कुणी म्हणालं पाहून आलो, तर पाहून आला. पुन्हा पुन्हा विचारलं की माणसं यायची बंद होतात." त्यांनी काठीची घडी उलगडली. "एक सांग. माझ्या जागी डोळस बाई बसली असती लॅबमध्ये, तर हे केलं असतंस?"

"नाही."

"कंटाळा आला असता तरी?"

"तरी नाही. म्हटलं असतं, सोमवारी सकाळी लवकर येऊन बघतो."

"मलाही ते चाललं असतं," अंबिकाताई म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्या उठल्या. रस्ता ओलांडताना त्या नेहमी माझ्या कोपराला हात लावत. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "आज नको." काठी टेकवत त्या गेटबाहेर गेल्या, वाहनांचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या, मग रस्ता ओलांडून गेल्या. मी मागून दहा पावलांवर चालत होतो. त्यांना ते कळत होतं. रिक्षा मिळाली आणि त्या गेल्या.

महिन्याने निकाल लागला. निवड त्यांची झाली. मला ते त्यांच्या टायपिंगच्या सरांकडून कळलं. मी पेढे घेऊन घरी गेलो. त्यांच्या आईने चहा केला, भावाने भिवंडीच्या गोष्टी सांगितल्या, ताई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. पेढ्यांचा पुडा आईने ठेवून घेतला.

मी लॅबमधली नोकरी करत राहिलो. विभागप्रमुखांची केबिन एक दिवस उघडी दिसली तेव्हा जाऊन मी त्या सीडीची माझ्याकडची प्रत त्या मशीनवर लावली. तीन ओळी घातल्या. पत्र्याचा आवाज म्हणाला, रेडी. मी ती बंद केली आणि परत आलो. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

जूनमध्ये लॅबच्या फोनवर त्यांचा फोन आला. पाच महिन्यांनी.

"विरुपाक्ष, मी अंबिका येमूल."

"बोला ताई."

"ऑफिसात मला नवं मशीन दिलंय. सीडी चालते, आवाज येतो आणि दहा मिनिटांनी जातो. पुन्हा सुरू केलं की पुन्हा दहा मिनिटं. येशील?"

मी त्याच दुपारी गेलो. त्यांची जागा खिडकीपाशी होती, टेबलावर ब्रेलची पाटी, टेलिफोन आणि ते मशीन. नाईकनवरे साहेब पलीकडच्या टेबलावर होते. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली.

मी तासभर बसलो. मॉड्यूल काढून पाहिलं, दुसऱ्या क्रमाने उघडून पाहिलं, मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचल्या. आवाज येत होता आणि दहा मिनिटांनी जात होता. ताई शेजारी उभ्या होत्या. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. कार्ड गरम होतंय म्हटलं असतं, तर त्यांनी मानलंही असतं कदाचित.

"ताई," मी म्हटलं, "हे का होतंय ते मला कळत नाहीये."

त्यांनी शेजारच्या टेबलाकडची खुर्ची हाताने शोधली, ओढली आणि माझ्याजवळ बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "त्या नोंदी पहिल्यापासून वाच. मोठ्याने."